परसातली सवत

"काका, एक्याण्णव सालापासून तुमचं परस एकदम थंड कसं काय पडलं?" मागच्या ओट्यावर आलेख पसरत निकिताने विचारलं.

पोह्यांच्या बश्या घेऊन आलेल्या वत्सलाबाई दारातच थबकल्या. ही कॉलेजातली पोरगी हवामानबदलाच्या प्रकल्पासाठी आठवडाभर येत होती. रावजी तिच्याशी आठवड्यात जेवढं बोलले, तेवढं बायकोशी वर्षात बोलले नसतील. विषय एकच. परसातली चार पायांची पांढरी लाकडी पेटी, तिच्यातला तापमापक आणि रोज संध्याकाळी टिपलेला आकडा. वत्सलाबाई त्या पेटीला चारचौघांत सवत म्हणायच्या. लोक हसायचे, त्यांना मात्र ते आतून झोंबायचं. लेकीच्या हळदीतूनही हा माणूस उठून आकडा बघायला गेला होता. आणि स्वतः वत्सलाबाई तापाने फणफणल्या, तेव्हा कपाळाला हात लावून नुसतं "गरम लागतंय खरं" म्हणाला होता!

"सगळं नाशिक तापतंय. द्वारका चौकाकडे तर बघायलाच नको," निकिता सांगत होती. "तुमचाच आलेख खाली येतोय. तोही पावसाळा सोडून. पावसाळ्यात सगळं बरोबर जुळतं. एवढ्या वर्षांचे आकडे मला वगळावेच लागतील, काका."

ते साल वत्सलाबाईंना चांगलं आठवत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सवतीचं तोंड दिसू नये, म्हणून त्यांनीच त्या साली पेटीला खेटून दोरी बांधली होती. रोज दुपारी तिच्यावर ओल्या जाड चादरी टाकायच्या. पावसाळ्यात तेवढं वाळवण घरात. संध्याकाळी रावजी चादर ओढून हाक मारायचे, "अगं, टोक धर." दोघं समोरासमोर उभे राहून घडी घालायचे. लाडकीच्या वाटेतला अडसर काढतायत मेले, असं म्हणत वत्सलाबाई रोज जळायच्या.

आज सवतीची पुरती जिरली होती. पण मान खाली घालून बसलेल्या रावजींना पाहून त्या पुढे आल्या.

"माझ्यामुळे झालंय हे," त्या म्हणाल्या. "तिथं ओल्या चादरी मी टाकते. बघवत नाही मला ती पेटी, म्हणून टाकते."

निकिता रावजींकडे वळली. "काका, तुमच्या लक्षात नाही आलं?"

"पहिल्याच दिवशी आलं."

"मग काका, दोरी दुसरीकडे बांधायची ना!"

रावजी उठले. ऊन कललं होतं, आकडा घ्यायची वेळ झाली होती. पण पेटीकडे न बघता त्यांनी वाळलेली चादर ओढली.

"अगं, टोक धर."

वत्सलाबाईंनी बश्या खाली ठेवल्या आणि टोक धरलं.

"दोरी हलवली असती," चादर ताणत रावजी निकिताला म्हणाले, "तर हिने एकटीनेच घड्या घातल्या असत्या."