निघालेल्या माणसाला

"शी गोज," गुणवंतराव गुरुजींनी पाटीवर लिहिलं. "ती जाते. एवढ्यानं काय कळलं? कशी जाते? कधी? कुठं? याचं उत्तर जो शब्द देतो, तो अ‍ॅडव्हर्ब."

शाळेच्या पडवीत समोर एकटा मंगरू होता. परवा चांद्याला जंगलखात्याची परीक्षा होती. पास झाला तर नाकेदार होणार होता.

तेवढ्यात त्याची बायको सुकरी रस्त्यानं आली. डोक्यावर टोपली, बरोबर गावच्या पाच बाया. मोहाची फुलं वेचायला निघाल्या होत्या. पंधरवड्यात वाघानं दोघींना नेलं होतं. तेव्हापासून कोणी एकटीदुकटी जात नव्हती.

"विचार तिला, कुठं जाते," गुरुजी म्हणाले.

मंगरूनं मान हलवली. "निघालेल्या माणसाले 'कुठी?' असं इचारत नाई, गुरुजी."

"परीक्षेत साहेबालाही असंच सांगशील काय?" गुरुजी हसले आणि त्यांनीच हाक मारली, "सुकरे, कुठं चाललीस गं?"

बाया जागच्या जागी थांबल्या. सुकरीनं टोपली उतरवली आणि पायरीवर बसली. असं कोणी विचारलं की परत बसायचं, पाणी प्यायचं, ऊन पायरीभर सरकलं की मग निघायचं. तशी रीतच होती.

"तू ये मांगून, नाल्यावर भेटू," त्यांच्यातली अन्नपूर्णाबाई म्हणाली. "हरणं मोह खाऊन टाकतीन." बाया पुढं गेल्या.

गुरुजींनी स्वतः तांब्या आणून दिला.

"गुरुजीनं नाट लावला आज," सुकरी पाणी पीत म्हणाली. ऊन सरकलं तशी ती उठली. मंगरूही उठू लागला.

"तू बस. साहेब व्हाचं हाय ना तुले? नाल्यावरच असतीन त्या. गाठीन मी." टोपली उचलून ती एकटीच नाल्याच्या वाटेला लागली.

मंगरूनं तीन वाक्यं लिहिली. तिन्ही चुकली.

मग शाळेच्या मागून बाया आल्या. टोपल्या रिकाम्या होत्या.

"टेकडीवरून फिरून आलो," अन्नपूर्णाबाईला दम लागला होता. "सुकरीले म्हनावं, आज जाऊ नोको. नाल्याच्या रेतीत पंजे हायेत."

मंगरू ताडकन उभा राहिला.

"जुने असतील," गुरुजी म्हणाले.

"नाई गुरुजी. आमच्या देखत त्यायच्यात पानी भरून राह्यलं होतं."