जेलो म्हणजे मागचे

“जेलो म्हणजे?” चांगुणाने विचारलं.

“पुढचे,” सहादू म्हणाला.

“मागचे. शेठनी काल काय सांगितलं? जेलो मागचे, अघब पुढचे. पुन्हा म्हणा.”

सहादूने पुन्हा म्हटलं. नाशकात शालिमारजवळच्या एका सलूनमध्ये तो बारा वर्षं कारागीर होता. खुर्ची, आरसा, सगळं दुसऱ्याचं. १९७६च्या उन्हाळ्यात त्याला कळलं, की एका बांधकाम कंपनीला इराणमधल्या कॅम्पवर न्हावी हवाय. तीन वर्षांची नोकरी. कात्री काय, सगळ्यांनाच चालवता येत होती. ज्याला गिऱ्हाइकाचं फारसी कळेल त्याला नेणार होते.

शिकवणारा समोरच होता. खोदादादशेठचं चहाचं हॉटेल सलूनच्या समोर. शेठ तरुणपणी इराणहून आलेला, आता सत्तरीचा. बायको गेलेली, मूलबाळ नाही. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारं नाशकात कोणी उरलं नव्हतं. सहादू दुपारी त्याची दाढी करायचा आणि साबणाच्या फेसातून शेठ शिकवायचा. मू म्हणजे केस. तुमचा ‘ला’, तसा आमचा ‘रा’. क्रियापद तुमच्यासारखंच शेवटी. ‘कूताह कोन’ म्हणजे बारीक कर, मान द्यायचा तर ‘कोनीद’. आधी ‘न’ लावला की नकार. शेठ हे अगदी खुलून सांगायचा. जेलो आणि अघब शिकवताना मात्र त्याने डोळे मिटून घेतले. साबण गेला असेल, असं सहादूला वाटलं.

रात्रीच्या भाकरीआधी चांगुणा पाठ घ्यायची. एकही चूक सोडायची नाही. आपल्यापेक्षा हिलाच जास्त घाई आहे, असं म्हणून सहादू हसायचा.

मुंबईत परीक्षेला कंपनीचा इराणी साहेब स्वतः खुर्चीत बसला. सावकाश म्हणाला, “अघब रा कूताह कोनीद. जेलो रा दस्त नजनीद.”

सहादूला शब्द न् शब्द कळला. पुढचे बारीक करायचे, मागच्यांना हात लावायचा नाही. मागणी जरा विचित्र वाटली, पण तिकडची पद्धत असेल. त्याने साहेबाच्या कपाळावरची दाट झुलपं मुळापाशी उतरवली.

साहेबाने आरशात पाहिलं आणि तो ताडकन उठला. दुभाष्याने सहादूला दंडाला धरून बाहेर नेलं आणि दोन्ही शब्दांचे खरे अर्थ सांगितले.

नाशकात उतरल्यावर तो घरीही गेला नाही. सरळ हॉटेलात शिरला. शेठ गल्ल्यावर होता. सहादूने विचारायच्या आधीच त्याने मान खाली घातली.

“मी उलटं शिकवलं,” शेठ म्हणाला. “माफ कर.”

का, ते त्याने सांगितलं नाही. सहादूला विचारायची गरजही वाटली नाही. म्हाताऱ्याला बोलायला माणूस हवं होतं, तेवढ्यासाठी त्याने सहादूच्या पोटावर पाय दिला होता.

त्यानंतर सात वर्षं सहादूने त्या हॉटेलची पायरी चढली नाही. शेठ रस्त्यात दिसला की तो दुसऱ्या बाजूने जायचा. शेठ वाढलेल्या दाढीने गल्ल्यावर बसायला लागला. दुसऱ्या कुठल्या न्हाव्याकडे तो गेल्याचं कोणी पाहिलं नाही.

१९८३च्या थंडीत शेठने अंथरूण धरलं. एकदा येऊन दाढी करून जा, असा त्याचा निरोप आला. चांगुणा दोनदा म्हणाली, जाऊन या. सहादू गेला नाही. चौथ्या दिवशी हॉटेल उघडलंच नाही.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा स्टो पेटलेला नव्हता. चांगुणा भिंतीला टेकून रडत होती.

“ज्याने आपला घात केला, त्याच्यासाठी रडतेस?” त्याने विचारलं.

तिने पदराने तोंड पुसलं.

“त्यांना सुचलंसुद्धा नसतं हो,” ती म्हणाली. “मीच त्यांच्या पाया पडले होते.”