तोंडाला सुट्टी

धबधब्याच्या पार्किंगमध्ये माईंनी अबोला धरला. कारण साधं होतं. तिथला माहितीचा फलक त्या मोठ्याने वाचत होत्या, उंचीपासून कचरा टाकू नये इथपर्यंत, आणि शेजारच्या सहलीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. आप्पा चारचौघांत म्हणाले, "लोकांना वाचता येतं गं. तोंडाला जरा सुट्टी दे."

माईंनी सुट्टी दिली. भरपगारी.

सहलीचा हा तिसरा दिवस. दीपगृह झालं, तळं झालं, धबधबा झाला. आप्पांच्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही हा घरचा कायदा, त्यामुळे चालवायला आप्पाच. शेजारी माई, मांडीवर डब्यांची पिशवी. मागे मुलगा, सून आणि नात चिमी, जिला नुकतीच अक्षरं जुळवता येऊ लागली होती. घरून निघाल्यापासून माईंनी रस्त्यावरचं एक अक्षर वाया जाऊ दिलं नव्हतं. "पुढे वळण आहे." "पंक्चर काढून मिळेल." "शाळा आहे, हळू." "ट्रक आला हो समोरून, बाजूला घ्या." ट्रकवर काही लिहिलेलं नसलं तरी त्या ट्रक वाचत. मुलगा म्हणायचा, "माई, रेडिओ जरा बारीक कर," आणि सगळे हसायचे. आप्पा सगळ्यांत मोठ्याने.

आता रेडिओ बंद होता आणि गाडी घाट उतरत होती.

पहिल्या वळणाला आप्पांना वाटलं, काचेवर धूळ बसली असेल. त्यांनी पाणी मारलं, वायपर फिरवला. काच लख्ख झाली. रस्ता मात्र पाण्यात पडलेल्या कागदावरच्या शाईसारखा पसरलेलाच राहिला. काळं ते डांबर, पांढरं ते कठड्याचे दगड. मध्येच जिथे पांढरं नव्हतं तिथे दगड पडले होते की पुढे दरीच होती, ते कळायला मार्ग नव्हता. समोर करडं काहीतरी मोठं होत आलं. खडक म्हणावा, तर त्याने हॉर्न दिला.

आप्पांनी गिअर उतरवला. गेल्या वर्षी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करताना ते सगळ्यांना म्हणाले होते, "आता दुरुस्त करण्यासारखी घड्याळंच राहिली नाहीत." सगळ्यांना ते पटलं होतं. हळूहळू त्यांनाही पटलं होतं.

गाडी थांबवायची तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगितलं की किल्ली गेली. कायमची. मागे चिमी काहीबाही गाणं म्हणत सीटवर उड्या मारत होती.

"कसला बोर्ड आलाय गं तो?" आप्पांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

माई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"मी वाचते आजोबा!" चिमी ओरडली. "सा... व... का..."

'श' यायच्या आधी वळण आलं. डाव्या चाकांखाली खडी कडकडली, गाडी हेलकावली आणि पुन्हा डांबरावर आली. चिमी खिदळली. "आजोबा, परत!"

"आप्पा, मी घेऊ का जरा?" मुलाने फोनमधून डोकं वर न काढता विचारलं.

"तू झोप," आप्पा म्हणाले.

उतार वाढला. पुढे काहीतरी पिवळं उभं होतं. केवढं तरी. बस असेल? असली तर जवळ येतेय की लांब जातेय?

"ते... तिथे काय लिहिलंय गं?"

तिथे काहीही लिहिलेलं नव्हतं. पिवळ्या पत्र्यावर माणसाएवढा एकच काळा बाण होता, उजवीकडे वळलेला.

माईंनी धबधब्यापासून पहिल्यांदा मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. स्टिअरिंगला नाक टेकायच्या बेतात आलेला चेहरा, बारीक केलेले डोळे, कानशिलावरून ओघळणारा घाम. मग त्यांनी समोर पाहिलं. बाणाच्या मागे नुसतं आकाश होतं.

"उजवीकडे," माई म्हणाल्या. "उजवीकडे घ्या. अजून. अजून हो! ब्रेक. आता सरळ."

पिवळा पत्रा माईंच्या खिडकीला घासल्यासारखा मागे गेला.

"मोडला!" मुलाने मागून टाळी वाजवली. "अबोला मोडला! आप्पा, लागला तुमचा रेडिओ!"

सून हसली, चिमी हसली. आप्पाही हसले असावेत, दात तरी दिसले. माईंनी दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती.

"दुकान यासाठीच बंद केलंत?" मागे ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता, "डावीकडे वळण. ट्रक आहे. थांबा, जाऊ द्या त्याला."

आप्पा थांबले. ट्रक गेला.

पहिली रुंद जागा आली तशी माईंनी तोंडाला रुमाल लावला. "मला मळमळतंय. घ्या इथे बाजूला. मी मागे बसते, आणि हे बसतील माझ्याजवळ. गाडी तू घे रे."

आप्पा उतरले. त्यांनी किल्ली पुढे केली, मुलाच्या हातापासून जरा डावीकडे. मुलगा क्षणभर त्या किल्लीकडे बघत राहिला. मग त्याने ती तिथून घेतली.

गाडी सुटली. मागच्या सीटवर आप्पांचा उजवा पाय प्रत्येक वळणाला पायाखालची मॅट दाबत होता.

"डावीकडे वळण," माई म्हणाल्या. "खड्डा आहे. पुढे पूल, अरुंद. हळू."

"माई, दिसतंय मला," मुलगा म्हणाला.

"तुला कोण सांगतंय?"