पडद्याआडचा आवाज

पडद्याआडचं गाणं थांबलं आणि पेटीवाल्याने मांडीवर थाप मारली. "हाच! हुबेहूब बाईंचा आवाज!"

बाई, मंडळाच्या मुख्य गायिका, शेजारीच बसल्या होत्या. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा आवाज कुजबुजीएवढाच उरला होता. लोकगीतांच्या मंडळात त्यांच्या जागी पुढे उभं राहून गाणारी हवी होती, म्हणून आजची ही निवड. मंडळाची रीतच होती, गाणारी पडद्यामागे आणि निवडणारे पुढे. चेहरा नाही, नाव नाही, नात्यागोत्याची भानगड नाही.

मतांना मात्र तोटा नव्हता.

"मघाची ती फारच गोड गायली," ढोलवाला म्हणाला. "लोकगीताला इतका गोडवा काय कामाचा? मुंग्या लागतील!"

"आणि तिच्या आधीची? नुसती ओरडत होती," पेटीवाला म्हणाला. "बाईचा आवाज कसा, पलीकडच्या बांधावर पोचला पाहिजे, पण कानठळ्या नकोत."

"बांधावर जाऊन कधी उभा राहिलायस का रे?" मागे उभी राहून साथ करणारी मावशी हसली. या शेवटच्या आवाजावर मात्र तिचंही काही म्हणणं नव्हतं.

पडद्यामागे बाईंची सून जीव मुठीत धरून उभी होती. घरी तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. दुपारी सासू आडवी झाली की जुन्या टेप हळू आवाजात लावून तिने एकेक गाणं घोटलं होतं. वरच्या सुराआधी बाईंचा श्वास किंचित अडकायचा, तोसुद्धा तिने उचलला होता. स्वतःच्या आवाजावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. असणार कसा? भांडी घासताना ती जरा गुणगुणायला लागली, की बाहेरच्या खोलीत सासू खटकन टीव्ही बंद करायची. आपल्यामुळे त्यांना धड टीव्हीही बघता येत नाही, असं वाटून बिचारी ओशाळायची आणि गप्प व्हायची.

"मग ठरलं ना, बाई?" पेटीवाल्याने विचारलं.

बाईंनी मान हलवली. "नको."

"अहो, पण तुमचाच आवाज आहे तो!"

"म्हणूनच नको. तो श्वास अडकायचा, ते माझं दुखणं होतं. ती कशाला गळ्यात घालून घेतेय?"

पडद्यामागे सुनेने ते ऐकलं. संपलं सगळं. डोळे पुसत ती चपला शोधू लागली.

बाई उठल्या. पडद्याजवळ आल्या, पण तो सरकवला नाही, रीत मोडली नाही. आत ऐकू जाईल इतपत कसाबसा आवाज काढून म्हणाल्या, "भांडी घासताना गातेस ना, तसं गा. मी काय उगाच टीव्ही बंद करते होय गं?"