मेंदीचं कुंपण

कुंपणावर पहिला कोयता मारायला कॉलनीचा माळी सिदू तयार होईना. "माझ्या लग्नात बायकोचे हात ह्याच मेंदीनं रंगले होते, साहेब," म्हणत त्यानं कोयता खाली ठेवला.

साहेब म्हणजे नारायणराव, कॉलनीचे अध्यक्ष. त्यांनी पुन्हा नियम सांगितला. तुळजापूरच्या या कॉलनीत घराला कुंपण विटांचं किंवा तारेच्या जाळीचं. झाडाझुडपांचं चालणार नाही. नियम जुनाच. पण एकट्या राहणाऱ्या गंगम्माच्या मेंदीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आता तक्रार आली आणि बिचाऱ्या अध्यक्षांची पंचाईत झाली.

बातमी गल्लीभर झाली. बघता बघता बायका फाटकाशी जमल्या. गंगम्मा मात्र शांत होती. ठेवणीतलं इरकल नेसली होती. अंगणात सतरंजी अंथरली होती, गॅसवर चहाचं मोठं पातेलं चढवलं होतं. म्हातारीचं दुःखानं डोकं फिरलं की काय, असं शेजारच्या वनमालाबाईंना वाटलं.

"पंचमीला माहेरी आलं, की आधी इथंच पळायचो," मागच्या गल्लीतली भुवनेश्वरी म्हणाली.

मग एकेकीला कंठ फुटला. ओटीभर पानं ओरबाडायची, गंगम्माच्या, म्हणजे सगळ्यांच्या अव्वाच्या, पाट्यावर काथ घालून वाटायची, हातांना चिंध्या बांधून निजायचं. सकाळी कुणाची जास्त रंगली यावरून भांडणं. अव्वा प्रत्येकीला तेच सांगायची, तुझीच लई रंगली. बोलता बोलता बायका सतरंजीवर कधी टेकल्या, त्यांनाही कळलं नाही. चहा झाला. कुणी खिदळलं, कुणी पदरानं डोळे पुसले. आता दुकानात मेंदीचा कोन मिळतो, पाटा कुणाला हवाय! किती बरे दिवस होते ते.

वनमालाबाई उठल्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, आवाजाला धार होतीच.

"नारायणराव, तक्रार कुणाची? नाव सांगा. त्याबिगर एका फांदीलाही हात लावू देणार न्हाय."

नारायणरावांनी मान खाली घातली. "नाव सांगणार न्हाय म्हणून शब्द दिलाय मी."

"सांगा की आता," कपबशा गोळा करता करता गंगम्मा म्हणाली. मग बायकांकडं वळली. "म्याच केली. पानं मागायला कुणी येईनाच झालं. म्हटलं, तोडताना बघायला तरी समद्या याल."