विमानातून पडलेलं

"कुणी जवळ जायचं नाही! बॉम्ब आहे तो!" राही बांधावरून ओरडली. कडेवर चार महिन्यांचा गोरक्ष. समोर करपलेल्या ज्वारीत ते पडलं होतं. चांदीच्या रंगाचं, माणसापेक्षा लांब, दोन्हीकडून निमुळतं. लढाऊ विमान डोक्यावरून गेलं आणि हे त्याच्यापासून सुटून खाली आलं.

माळापलीकडं फायरिंगचं मैदान होतं. वस्तीला विमानांची सवय होती, राहीला नव्हती. ती नगरच्या कॉलेजात बी.ए. झालेली. गेल्या वर्षी लढाईत पेपरातलं विमानांचं अक्षर न्‌ अक्षर तिनं वाचलं होतं. नॅट कुठलं, मिग कुठलं, ती नुसत्या आवाजावरून सांगायची. वस्तीला यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून वस्ती निवांत झोपायची.

तिनं नवऱ्याला, कानिफनाथला, सायकलवर चौकीकडं पिटाळलं. पडवीतली बाळाची झोळी सोडली आणि घरात पार आत, चुलीपाशी नेऊन बांधली. मध्ये दोन जाड भिंती. तिथं सासूबाई, झुंबरबाई, पाट्यावर मिरच्या रगडत होत्या.

"लई शिकलीस गं बाई," हात न थांबवता त्या म्हणाल्या. "लेकराला ठसका लागंल की!"

"ठसका परवडला, आत्याबाई."

दुपारी हवाई दलाची जीप आली. सार्जंटनं त्या वस्तूवर टकटक केलं. पोकळ आवाज आला.

"बॉम्ब कसला ताई, इंधनाची जादा टाकी आहे. रिकामी. अडचण आली की पायलट टाकून देतो. पुढं अशी विमानं येतील म्हणतात, एकदाच पोटभर पिऊन पार लांब जाणारी. मग या टाक्याच नकोत."

सगळी वस्ती हसली. राहीचं तोंड एवढंसं झालं. झोळी परत पडवीत बांधायचीही तिला लाज वाटली.

"टाकी ऱ्हाऊ द्या हितंच, पानी साठवाया हुईल," झुंबरबाई म्हणाल्या. "आन्‌ सायेब, भाकर खाल्ल्याबिगर जायचं न्हाई. ताजा ठेचा वाटते."

सार्जंट चुलीपाशी टेकला. एका हाताला झोळीत गोरक्ष, समोर पाटा. घास तोंडाशी नेता नेता त्याचा हात थांबला.

"आजी," तो अगदी हळू बोलला, "हात काढा. तसंच राहू द्या ते पाट्यावर. कुठून आणलंत?"

"ह्यो वरवंटा? माळावर घावला, शेन येचताना. लोखंडी हाय, लई चांगला."

"विमानाच्या रॉकेटचं तोंड आहे ते. न फुटलेलं. ताई, बाळाला उचला. पाय न वाजवता बाहेर चला सगळे."

राही गोरक्षला छातीशी धरून बांधावर पोचली. "माजं मेलीचं डोळं फुटलं हुतं," झुंबरबाई कपाळावर हात मारून घेत होत्या.

राहीला बारसं आठवत होतं. कुंची घालून, पाळण्याच्या वरून-खालून फिरवून बाळाशेजारी निजवायला सासूबाईंनी जुना, दगडाचा वरवंटा काढला होता. त्याचा टवका गेलेला. बाळाला खरचटेल म्हणून तो बाजूला सारून, हा गुळगुळीत तिनंच निवडला होता.