शेंगूचे केस

चिखलीतल्या जनावरांच्या दवाखान्यात माणिकराव पंच्यात गुंडाळलेला पिंजरा मांडीवर धरून बसले होते. शेजारी एकाची शेळी बांधलेली. त्यानं पंच्याच्या आत डोकावून पाहिलं.

"उंदराले दवाखान्यात आनलं काय हो तुम्ही?"

"उंदीर नाही. हॅमस्टर हाय," माणिकराव म्हणाले आणि पंचा नीट केला.

डॉक्टर चारुलताबाईंनी शेंगूला तळहातावर घेतलं. पंधरवड्यापूर्वी फक्त मागचा भाग उघडा पडला होता. आता दोन्ही कुशी गेल्या होत्या. केस उरले होते ते तोंडावर आणि पाठीच्या मधल्या पट्टीवर.

"औषध टाकलं ना?"

"टाकलं. भुसाही बदलला. सूर्यफुलाच्या बिया बंद केल्या, तुम्ही सांगितलं तसं अंड्याचं पांढरं दिलं. तरी झडूनच राह्यले."

बाईंनी त्याच्या कुशीवरून बोट फिरवलं. कातडी कागदासारखी पातळ झाली होती, आतली निळी शीर दिसत होती. "किडा असता तर यानं खाजवून जखमा केल्या असत्या. जाळीला घासून गेले असते तर एकाच ठिकाणचे गेले असते. हे दोन्हीकडून सारखे गेलेत. पोटही सुटलंय. पाणी किती पितो?"

"बाटली भरली का रिकामीच."

"मग आत गाठ असावी, काका. ऑपरेशन एवढ्याशा जिवाला सोसायचं नाही. वय काय याचं?"

"दोन वर्सं होऊन गेले."

"यांचं आयुष्यच तेवढं असतं."

माणिकरावांनी मान हलवली. मग थोडं पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "जगवा असं म्हनत नाही मी. केस तेवढे येतील का?"

बाईंनी वर पाहिलं.

माणिकरावांना सांगावं लागलं. मुलाचं आणि सुनेचं पटलं नाही. पूनम नातीला, प्रेरणाला, घेऊन नाशकाला गेली. तिथल्या घरमालकाला जनावर चालत नव्हतं, म्हणून पोरीचा शेंगू इकडे गावी, उंद्रीलाच, माणिकरावांकडे राहिला. पोर रडायला लागली तेव्हा पूनम म्हणाली, दर रविवारी फोनवर बघत जा त्याला. आजोबांना बघ, असं कुणी म्हणालं नव्हतं.

"मागचे दोन रविवार तो भुशात झोपला म्हनून सांगितलं. नुसतं तोंड दाखवलं. आज कसं करू?"

बाईंनी शेंगूला पिंजऱ्यात ठेवलं. हात धुतले. बराच वेळ धुतले.

"केस येणार नाहीत, काका."

बाहेर पायरीवर येऊन माणिकराव बसतात न बसतात तोच फोन वाजला. त्यांनी सवयीनं फोन पिंजऱ्याकडे वळवला आणि पंच्याचं टोक जरासंच उचललं, फक्त नाक दिसेल एवढं.

"आबा, पूर्ण दाखवा ना."

"ऊन हाय बाई इथं. त्याले सोसत नाही."

पण शेंगू स्वतःच पुढे आला. जाळीशी उभा राहिला, पुढचे दोन्ही पाय वर धरून. कुशी, पोट, सगळं उघडं. माणिकरावांचा हात पंच्यावर होता, पण त्यांच्यानं पंचा खाली सोडवला नाही.

 

"त्याचे केस कुठे गेले?"

सांगायचं काय ते एसटीत बसल्या बसल्या त्यांनी ठरवून ठेवलं होतं. उन्हाळा होता म्हणून कापले. आता ते तोंडातून निघेना.

"झडले."

"परत येतील?"

"नाही."

"दुखतं का त्याला?"

"नाही दुखत. डॉक्टरीनबाई म्हनल्या." बाई असं काही म्हणाल्या नव्हत्या.

"मरणार आहे का तो?"

"हाव बेटा."

प्रेरणा रडली नाही. ती रडली असती तर त्यांना समजूत काढता आली असती. ती विचार करत असावी. मग तिनं विचारलं, अगदी साधं, उद्या शाळा आहे का विचारावं तसं, "मग पुढच्या रविवारी काय दाखवाल?"

माणिकरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "गाय व्याली आपली. वासरू दाखवतो. कपाळावर चांद हाय त्याच्या."

"वासरू मी बघितलंय, आबा."

"मग... मग मी दिसतो ना. फोन उलटा धरतो." ते फोन वळवायला लागले. कुठलं बटण दाबायचं ते त्यांना माहीत नव्हतं. पडद्यावर एकदा पायरी आली, एकदा पायातली चप्पल, मग पुन्हा पिंजरा.

तिकडून आतल्या खोलीतून पूनमचा आवाज आला.

"प्रेरणा, झालं का गं बघून?"

"हो," प्रेरणा म्हणाली. "झालं."